जुना कडीपाट आणि नवे न्हाणीघर

पुण्याच्या जुन्या पेठांतील वाडे, गिरगाव-भुलेश्वरकडील लाकडी मजल्यांच्या चाळी आणि कोकणपट्टीतील माडीची घरे यांत आज जी दुरुस्तीची कामे निघतात, त्यांत न्हाणीघराचे नूतनीकरण बहुधा असतेच. आणि ते काढणारा गृहस्थ सर्वांत आधी फरशांच्या व नळांच्या दुकानात जातो. फरशीचा रंग ठरतो, कमोडची जात ठरते, गीझर कोठे टांगावा हेही ठरते. पण हे सर्व ज्या कड्यांवर बसावयाचे आहे त्या कड्या ऐंशी किंवा शंभर वर्षांपूर्वी कोणत्या भाराच्या अंदाजाने घातल्या होत्या, भिंतीत गेलेली त्यांची टोके आज कोणत्या अवस्थेत आहेत, आणि त्यांच्या खाली कोणाचे बिऱ्हाड नांदते आहे, याची चौकशी काम अर्धे झाल्यावर, तीही एखाद्या कडीचा भुसा गवंड्याच्या हाती आला तरच, होते. या प्रश्नाचा सर्व बाजूंनी आढावा घ्यावा हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. माझे मत आरंभीच सांगून टाकतो: जुन्या मजल्याच्या बळकटीचे काम त्यावरचे ओझे कमी करण्यापासून व त्यात मुरणारे पाणी थांबवण्यापासून सुरू झाले पाहिजे, लाकडाला लाकूड किंवा लोखंड जोडणे ही त्यानंतरची पायरी होय, आणि हा क्रम उलटला म्हणजे खर्च होऊनही धोका जागच्या जागी राहतो.

हे मजले मुळात पाण्यासाठी बांधलेलेच नव्हते. वाड्यात स्नानाची जागा खाली, मागच्या चौकात, विहिरीच्या किंवा हौदाच्या शेजारी असे. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजहून नळाने शहरात आणलेले पाणी ज्या हौदांत पडे ते हौद जमिनीवरच होते, आणि घागर माडीवर चढवण्याची तसदी पिण्याच्या पाण्यापुरतीच घेतली जाई. शौचकूप तर वाड्याच्या अगदी मागच्या कडेला. माडीची रचना म्हणजे खांबांवर तुळया, तुळयांवर जवळजवळ घातलेल्या कड्या, कड्यांवर तक्तपोशी किंवा किलचा, आणि त्यावर दाबलेला माती-मुरुमाचा थर व शेणाचे सारवण. कोरड्या वापरात ही रचना पिढ्यान्‌पिढ्या टिकली. मुंबईत विहार तलावाचे पाणी १८६० साली आले, पुढे नळ मजल्यांवर चढला, आणि चाळीच्या खोलीच्या कोपऱ्यात मोरी आली. तरीही संडास सज्जाच्या टोकाला, पुष्कळ ठिकाणी मुख्य इमारतीपासून अलग काढलेल्या भागात ठेवले गेले. त्यामागे सफाईच्या सोयीचा विचार असेल, शुचितेच्या कल्पना असतील. परंतु परिणाम असा झाला की सर्वांत ओला भाग लाकडापासून दूर राहिला. आज तो भाग आपण घरात आणीत आहोत, आणि तो वृद्धांची सोय, स्त्रियांची रात्रीची सुरक्षितता व सर्वांचीच अब्रू अशा निर्विवाद कारणांसाठी आणीत आहोत. म्हणून तो आणूच नये असे कोणी म्हणू नये. प्रश्न तो कसा आणावा एवढाच आहे.

भाराचा हिशेब सामान्य गृहस्थाला जमावा इतका सोपा आहे आणि तो प्रत्येकाने स्वतः करून पाहावा. निवासी मजल्यावर माणसे व सामान यांचा भार दर चौरस मीटरला २०० किलो धरावा असे भारतीय मानक सांगते. म्हणजे दर चौरस फुटाला सुमारे साडेअठरा किलो. पाच फूट लांब व चार फूट रुंद अशा लहानशा न्हाणीघराच्या वाट्याला या मापाने ३७० किलो येतात. आता कामाची रूढ पद्धत पाहा. सांडपाण्याचा पाइप फरशीखालून नेता यावा म्हणून गवंडी जमीन फूटभर भरून घेतो आणि त्या भरणीत विटांचे तुकडे व सिमेंट यांचा कोबा घालतो. एवढ्याशा जागेत वीस घनफूट कोबा मावतो आणि त्याचे वजन एक टनाच्या पुढे जाते. दोन बाजूंना साडेचार इंची विटांची सात फूट उंच भिंत घातली की गिलावा धरून आणखी सव्वा टन. माळ्यावर ५०० लिटरची टाकी चढवली तर अर्धा टन. ती भिंतींवर पेलली असे म्हटले तरी त्या भिंती कड्यांवरच उभ्या असतात. म्हणजे ज्या जागेकडून पावणेचारशे किलो वाहण्याची अपेक्षा, तिच्यावर पावणेतीन टन बसले. आणि हे ओझे माणसांसारखे येणारे-जाणारे नव्हे. घटकाभराच्या ओझ्याने लाकूड वाकते व पुन्हा सरळ होते. अखंड ओझ्याखाली मात्र ते वर्षानुवर्षे थोडे थोडे वाकतच जाते, आणि पुढे ओझे काढले तरी तो बाक पुरता जात नाही. जुन्या चाळीत न्हाणीघराची दारे काही वर्षांत चौकटीला घासू लागतात, फरशीच्या सांध्यांत केसाएवढ्या भेगा दिसतात, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. लोक सुताराला बोलावून दार तासून घेतात आणि कारण तसेच राहते.

भारापेक्षाही घातक पाणी. जुन्या घरांतील चांगले लाकूड म्हणजे ब्रह्मदेशाचा साग. रंगून व मौलमीन या बंदरांतून दुसऱ्या महायुद्धापर्यंत तो मुंबईस येत असे, आणि त्याच्या गाभ्यातील तैलद्रव्यांमुळे त्याला वाळवी सहसा लागत नाही, बुरशीही उशिरा धरते. परंतु गाभ्याबाहेरील फिकट लाकडाला हा गुण नसतो, आणि भाड्याच्या उत्पन्नासाठी भराभर उठवलेल्या इमारतींत प्रत्येक कडी सागाचीच घातली गेली असेही नाही; जंगली लाकूड रंगाखाली लपून जाते. लाकडातील ओलावा त्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत राहिला तर बुरशी वाढू शकत नाही. मोरीच्या सांध्यातून रोज तांब्याभर पाणी झिरपले तर ती मर्यादा ओलांडायला एक पावसाळा पुरतो. कडीचा मधला भाग निदान उघड्यावर असतो. त्यावर डाग पडला तर खालच्या बिऱ्हाडाला दिसतो, आणि उन्हाळ्यात तो वाळतोही. भिंतीत गेलेले टोक मात्र दिसत नाही, त्याला वारा नाही, आणि चुन्याची किंवा मातीची भिंत त्याला आजूबाजूची ओल शोषून शोषून पुरवीत असते. म्हणून जुनी कडी मधोमध कडाडून मोडण्यापेक्षा टोकाशी कुजून भिंतीतून निसटण्याचा संभव अधिक. पुण्यात ज्या वाड्यांत १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुराचे पाणी शिरले, त्यांतील जे आज उभे आहेत त्यांच्या खालच्या मजल्यांची टोके तर विशेष काळजीने तपासावीत, कारण मातीच्या भिंतींनी ते पाणी कित्येक महिने धरून ठेवले असणार.

तपासणी वरच्या फरशीवर उभे राहून करता येत नाही. ती खालच्या घरातून, छताच्या फळ्या उघडून करावी लागते. साधने साधी आहेत: हातोडी, टोचा, दोरी आणि मिळाल्यास ओलावा मोजण्याचे लहान यंत्र. निरोगी कडी हातोडीच्या टोल्याला खणखणीत उत्तर देते, पोखरलेली बद्द वाजते. टोचा चांगल्या सागात जेमतेम शिरतो. कुजलेल्या लाकडात अर्धा इंच सहज जातो, आणि ही परीक्षा भिंतीपासून पहिल्या सहा इंचांत प्रत्येक कडीला, दोन्ही टोकांना, करावी. कडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून धरलेली दोरी बाक दाखवते. मानकाप्रमाणे फरशीसारखी ठिसूळ वस्तू पेलणाऱ्या लाकडाने आपल्या लांबीच्या ३६० व्या भागाहून अधिक वाकू नये. बारा फुटांच्या कडीला ही मर्यादा जेमतेम चार दशांश इंच पडते. वाळवीची मातीची नळी दिसली तर ती नुसती पुसून टाकू नये. ती कोठून आली याचा माग जमिनीपर्यंत काढावा, कारण वाळवीचे वारूळ मातीत असते आणि वरच्या कडीवर औषध मारून ते मरत नाही.

याच वेळी आणखी एक गोष्ट पाहावयाची असते, ती म्हणजे पूर्वीच्या प्लंबरांनी कड्यांना पाडलेल्या खाचा. लाकडी कडीचे बळ तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते आणि ताठरपणा घनाच्या प्रमाणात. आठ इंच उंचीच्या कडीला पाइपासाठी दोन इंचांची खाच पडली तर त्या ठिकाणी तिचे बळ जवळजवळ निम्म्यावर येते, आणि खाच जर खालच्या अंगाला, लांबीच्या मध्यावर असेल तर तेथूनच उभी चीर सुरू होते, कारण वाकणाऱ्या कडीचा सर्वांत अधिक ताण त्याच धाग्यांवर पडतो. अमेरिकेत, जेथे आपल्याकडील पुष्कळ मराठी कुटुंबेही लाकडी घरांत राहतात, तेथील बांधकामाच्या नियमांत याविषयी नेमकी बंधने आहेत: खाच उंचीच्या सहाव्या हिश्श्याहून खोल नसावी, लांबीच्या मधल्या तिसऱ्या भागात ती मुळीच नसावी, आणि भोक पाडावयाचे तर उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठे नसावे व वरच्या-खालच्या कडेपासून दोन इंच दूर असावे. मजल्यावरील भाराचा तेथील आकडा आपल्या मानकाच्या आकड्याशी जवळजवळ जुळतो. त्या देशातील शंभर वर्षांपूर्वीच्या घरांत न्हाणीघराखाली सिमेंटची जाड गादी मावावी म्हणून कड्यांच्या माथ्याचा भागच तासून टाकलेला आढळतो. म्हणजे जेथे भार अधिक, तेथेच लाकूड कमी. आपल्याकडे कागदावर असा काटेकोर नियम कोणी कारागिराच्या हाती देत नाही, तेव्हा तो घरमालकाने तोंडपाठ करून ठेवावा हे बरे.

आता प्रत्यक्ष बळकटीच्या उपायांकडे वळू. सर्वांत जुना व सुताराला परिचित उपाय म्हणजे जोडकडी: जुन्या कडीला लागून तेवढ्याच उंचीची नवी कडी बसवून दोन्ही बोल्टांनी आवळणे. तो उत्तम आहे, पण त्याच्या तीन अटी आहेत आणि तिन्ही मोडलेल्या आढळतात. नवी कडी दोन्ही टोकांना भिंतीवर किंवा तुळईवर टेकली पाहिजे. मधल्या चार फुटांना ठिगळासारखा तुकडा लावून टोकांची दुर्बळता जात नाही. लाकूड वाळलेले असले पाहिजे, नाहीतर ते आकसून बोल्ट सैल होतात; या दृष्टीने पाडलेल्या वाड्यांचे जुने सागवान, खिळे काढून व टोके छाटून घेतलेले, आजच्या लागवडीच्या कोवळ्या सागापेक्षा श्रेष्ठ. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची: आवळण्यापूर्वी जुन्या कडीवरचे ओझे उतरवले पाहिजे. कोबा व फरशी तशीच ठेवून शेजारी नवी कडी लावली, तर जुनी आणखी वाकेपर्यंत नवीच्या वाट्याला काहीच येत नाही. आधी वरची भरणी काढावी, मग जॅकने अगदी अलगद आधार द्यावा, आणि तशा स्थितीत जोड करावा. शंभर वर्षांचा बाक एका दिवसात सरळ करण्याचा हव्यास मात्र धरू नये. त्यात लाकूड चिरते आणि वरच्या भिंतींना तडे जातात.

जेथे उंची कमी किंवा भार अधिक, तेथे लोखंडी चॅनल कडीच्या दोन्ही बाजूंना लावतात. दीडशे मिलिमीटरचे चॅनल मीटरला सुमारे साडेसोळा किलो भरते, म्हणजे दोन माणसांना ते जिन्याने चढवता येते, हा जुन्या घरात लहान लाभ नव्हे. परंतु लोखंड सागाहून पंधरा-वीस पट ताठर असल्यामुळे जोडणीनंतर बहुतेक सर्व भार तेच उचलते आणि आपल्या दोन अरुंद टोकांवाटे भिंतीत उतरवते. चुन्या-मातीच्या भिंतीत ते टोक सुरीसारखे रुतू नये म्हणून त्याखाली काँक्रीटचा ठोकळा बसवावाच लागतो. शिवाय न्हाणीघराखाली गंज अटळ आहे असे धरूनच रंगाचा व जस्ताच्या मुलाम्याच्या बोल्टांचा बंदोबस्त करावा. तिसरा मार्ग कड्यांच्या मधोमध आडवी तुळई किंवा गर्डर घालण्याचा. अंतर निम्मे झाले की वाक सोळाव्या हिश्श्यावर येतो, एवढा परिणाम दुसऱ्या कोणत्याही उपायाने साधत नाही. पण तुळईने गोळा केलेला भार जेथे उतरतो ती भिंत किंवा तो खांब पायापर्यंत तपासला नसेल तर दुखणे फक्त जागा बदलते. कुजलेल्या टोकांसाठी कुजका भाग छाटून दोन्ही अंगांनी लोखंडी पट्ट्यांवर नवे टोक जोडावे, किंवा भिंतीलगत खांबांवर नवा आडवा आधार द्यावा; आणि नवे टोक भिंतीत घालताना खाली डांबरी कागद व भोवती इंचभर मोकळी जागा ठेवावी, म्हणजे त्याला वारा लागेल.

यांपैकी कोणतेही काम चालू असताना जे टेकू लावतात त्यांविषयी अत्यंत आग्रहाने सांगितले पाहिजे की, ते खालच्या मजल्याच्या कड्यांवर थांबता कामा नयेत. एकाच रेषेत मजल्यामागून मजला उतरत ते जमिनीपर्यंत गेले पाहिजेत. दुसऱ्या मजल्याचे ओझे पहिल्या मजल्याच्या तितक्याच जुन्या लाकडावर टेकवणे म्हणजे एका रोग्याला दुसऱ्या रोग्याच्या खांद्यावर देणे होय.

लाकूड काढून टाकून त्या जागी सिमेंट काँक्रीटचा स्लॅब घालावा, असा सल्ला कंत्राटदार फार सहज देतात. पाच इंची स्लॅबचेच वजन दर चौरस मीटरला तीनशे किलोंच्या वर जाते. वाड्याच्या मातीच्या भिंती त्यासाठी नव्हेत. दुसरे असे की वाड्यात खांब, तुळया व कड्या यांचा सांगाडा भिंतींना आपसांत बांधून ठेवतो, आणि त्यातला एक खण कापून काढला म्हणजे उरलेल्या भागाची बांधणी ढिली होते. माझ्या मते जेथे मागे थोडी जागा आहे तेथे स्वतःच्या पायावर, स्वतःच्या खांबांवर उभा राहणारा न्हाणीघरांचा अलग भाग बांधावा, तो इमारतीला केवळ लागून असावा, तिच्यावर टेकलेला नसावा. जुन्या चाळींच्या बांधणाऱ्यांनी संडासांसाठी हीच तजवीज केली होती आणि ती शहाणपणाची होती.

जागा नसेल तेव्हा मजला हलका ठेवणे हाच उपाय. कमोडचा पाइप जमिनीतून न नेता मागच्या भिंतीतून बाहेर काढता येतो, आणि कमोड बाहेरच्या भिंतीलगत ठेवला तर फूटभर भरणीचे कारणच उरत नाही. उतारासाठी चाळीस फुटांना एक फूट या हिशेबाने चार फुटांत सव्वा इंच पुरतो. न्हाणी ट्रॅपसाठी जी थोडी उंची हवी ती विटांच्या तुकड्यांऐवजी सिपोरेक्सच्या तुकड्यांनी भरावी. त्यांचे वजन विटांच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतके. भिंती विटांच्या न करता धातूच्या चौकटीवर सिमेंट बोर्डाच्या कराव्यात. कड्यांवर मरीन प्लायवूड, त्यावर सिमेंट बोर्ड, त्यावर लवचीक जलरोधक लेप, तो भिंतींवर फूटभर वर चढवलेला, आणि मग पातळ फरशी: लाकूड ऋतूंप्रमाणे हलते, म्हणून त्यावर ताठ कोबा तडकतो आणि लवचीक लेप टिकतो. फरशी लावण्यापूर्वी दोन दिवस पाणी साठवून खालून पाहावे. मोठी टाकी माळ्यावर नको.

कायद्याचा मामला थोडक्यात सांगतो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली गेली, मालकांचे दुरुस्तीकडे दुर्लक्ष झाले, आणि १९६९ च्या कायद्याने उपकर घेऊन दुरुस्ती करणारे मंडळ निर्माण करावे लागले. आरंभी त्याच्या कक्षेत १९,६४२ इमारती होत्या आणि त्यांतील बहुसंख्य १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या. अशा इमारतीत भाडेकरूने मालकाच्या लेखी संमतीवाचून कायम स्वरूपाचे बांधकाम केले तर ते १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणे ताबा घेण्याचे कारण ठरू शकते. लाकडी आडभिंत, उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा, वायुवीजनासाठी खिडकी अशा काही गोष्टी त्यातून वगळल्या आहेत. नव्या न्हाणीघराचे नाव त्या यादीत नाही. तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी मुंबईत सक्तीची आहे, आणि पुण्यात मोडकळीस आलेल्या वाड्यांना महापालिका कायद्याच्या कलम २६४ खाली नोटिसा जातात. हे कागद त्रासदायक वाटतात, तरी तपासणीचा अहवाल हाती असला तर मालक, भाडेकरू व खालचा शेजारी या तिघांचेही भांडण पुष्कळसे मिटते.

मालक व भाडेकरू या दोघांनाही माझी विनंती एवढीच आहे की, खालच्या बिऱ्हाडाची परवानगी घेऊन एक दिवस छताच्या फळ्या उघडाव्यात, कड्यांची दोन्ही टोके संरचना अभियंत्याला दाखवावीत, आणि त्याचा लेखी अभिप्राय व भाराचा हिशेब हाती आल्याखेरीज कोणत्याही कंत्राटदाराला बयाणा देऊ नये.